नावापुढचं ‘बा.’

“तुम्ही फक्त टाइप करा, मॅडम. अर्थ लावू नका.”

कार्यवाह हे बोलले तेव्हा वाचनालयाची सगळी समिती समोर बसली होती. मी उभी होते. वीस वर्षं मी तिथं ग्रंथपाल आहे. बैठकीत मला खुर्ची देत नाहीत. हातात जुनी सभासद नोंदवही होती, बोट एका पानावर होतं, आणि कोणी त्या पानाकडं बघतसुद्धा नव्हतं.

गाव महाड आणि पोलादपूरच्या मधलं, बाजाराचं. नाव सांगत नाही. सांगितलं की बाकीची गावं हात झटकतात, ते तिकडं होतं, आमच्याकडं नव्हतं.

पूर्वी वाचक आत यायचा आणि म्हणायचा, बाई, वाचण्यासारखं काय आलंय? मी माणूस बघून पुस्तक काढून द्यायची. चुकायची नाही. आता मोबाईल तोंडापुढं धरतात. “मॅडम, ह्याची पीडीएफ हाय का?” स्पर्धा परीक्षेची पोरं वायफायसाठी पायरीवर बसतात, कपाटांकडं ढुंकून बघत नाहीत. पोरांवर माझा राग नाही. वरंधकडच्या वाड्यांतून येतात, घरी रेंज नाही, करणार काय? मी त्यांचे अर्ज भरते, हॉलतिकीट काढून देते. राग समितीवर आहे. इंटरनेट आलं तशी मी त्यांच्या लेखी ऑपरेटर झाले. “आता सगळं गुगलवर असतं,” कार्यवाह येता-जाता ऐकवतात. या गृहस्थांनी दहा वर्षांत एक पुस्तक घरी नेलेलं नाही.

तर वाचनालयाची वेबसाइट काढायची ठरली. तिच्यावर ‘आमचे जुने वाचक’ म्हणून एक पान. जुन्या नोंदवहीतली नावं संगणकावर चढवायचं काम माझ्याकडं आलं. पानं पिवळी, शाई फिकी, तरी अक्षर सुरेख. काही नावांपुढं लाल शाईत ‘बा.’ लिहिलेलं. सॉफ्टवेअरमध्ये सभासदाचे दोनच प्रकार होते, स्थानिक आणि बाहेरगाव. मी म्हटलं, ‘बा.’ म्हणजे बाहेरगाव, आणखी काय असणार! बाहेरगाव निवडलं की गावाचं नाव मागायचं, त्याशिवाय नोंद पुढं सरकायची नाही. नोंदवहीत तर त्या माणसांपुढं गाव लिहिलेलंच नव्हतं. मी ‘माहीत नाही’ टाकत गेले. शंभराच्या वर माणसं अशी चढवली.

कार्यवाह आकडा बघून खूश झाले. त्यांनी वेबसाइटसाठी ओळ लिहून दिली: ‘त्या काळातही शंभरावर बाहेरगावचे वाचक पायपीट करून आमच्याकडे येत.’ मी ती ओळसुद्धा टाइप केली. शुद्धलेखन तपासून.

मग एका दुपारी हात चालत असताना एक नाव टाइप झालं. बाहेरगाव. गाव माहीत नाही. नोंद जतन झाली. आणि मग मी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचलं.

माझ्या बापाचं नाव होतं.

आमचं घर याच गावच्या बौद्धवाडीत. वाचनालयापासून हाकेच्या अंतरावर. बा रस्त्याच्या गँगमध्ये कामाला. घाटात दिवसभर खडी फोडून यायचा, हातपाय धुवायचा आणि मला घेऊन पुस्तक बदलायला निघायचा. रहस्यकथांचं वेड होतं त्याला. आम्ही पुढच्या दारानं कधी गेलो नाही. मागच्या भिंतीला एक खिडकी होती, तिच्याबाहेर लाकडी फळी. बा नाव सांगायचा, शिपाई पुस्तक फळीवर ठेवून हात मागं घ्यायचा, मग बा ते उचलायचा. नोंदवहीपण फळीवर यायची, सही करायला. मी नुकती वाचायला शिकलेले. त्याच्या नावापुढं लाल अक्षरात ‘बा.’ दिसलं. मला केवढा आनंद झाला! म्हटलं, बघा, ह्यांनासुद्धा माहीत आहे हा माझा बा आहे.

एकदा मी विचारलं, आपण आत का नाय जात? तो म्हणाला, “आत गर्दी आसते गो. हितं कसा वारा लागतो.”

मी ते खरं धरलं. शाळेत सांगत फिरले, आमच्यासाठी येगळी खिडकी हाय. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आणि बापाचा राग येतो. खोटं का बोललास? मग वाटतं, सात वर्षांच्या पोरीला दुसरं काय सांगणार होता तो?

तेव्हाचा शिपाई, नाना, अजून आहे. ऐंशीच्या पुढं गेलाय. त्याच दिवशी त्याच्या पडवीत जाऊन मी नोंदवही उघडली आणि लाल अक्षरावर बोट ठेवलं. त्यानं नोंदवही जवळ ओढून ते निरखलं.

“बा. म्हंजे बाहेरचे. आत नाय घ्यायचे ते. मी नाय गो लिवलं. मला सांगितलं तसं फळीवर ठेवीत व्हतो.” मग म्हणाला, “तुझा बापूस पुस्तक येळेवर आणून द्यायचा. एक पान दुमडल्यालं नसायचं.”

मी काय करून बसले होते ते तेव्हा मला कळलं. त्यांनी बाला वाचनालयाच्या बाहेर ठेवला होता. मी त्याला गावाच्याच बाहेर काढला. वर लिहिलं, गाव माहीत नाही. ज्या पोरीला त्यानं अक्षर दाखवलं, तिनं.

म्हणून मी बैठकीत उभी होते. म्हटलं, चूक माझी आहे, दुरुस्त करते. हे बाहेरगावचे नाहीत, याच गावचे आहेत, त्यांना आत घेत नव्हते. तेव्हा कार्यवाह ते टाइप करायचं बोलले. त्यांच्या शेजारचे समितीतले एक गृहस्थ चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “तसंही वाडी गावाबाहेरच होती की. म्हणजे बाहेरगावच झालं.”

सगळे हसले. चांगली, शिकलेली, घरी पुस्तकांचं कपाट असलेली माणसं. कार्यवाह दर मार्चला चवदार तळ्याच्या कार्यक्रमाला जातात, फोटो टाकतात, समतेवर चार ओळी लिहितात. महाडच्या पाण्यावर बोलायला त्यांची ना नाही. स्वतःच्या खिडकीवर कुणी बोलायचं नाही.

“एन्ट्री झाली की ती वही रद्दीत द्या,” ते म्हणाले. “ऑनलाइन आहे तेवढं पुरे.”

तिथं माझं डोकं फिरलं. म्हणजे असं आहे का? कागद रद्दीत आणि थाप वेबसाइटवर. उद्या कोणी शोधलं तर गुगल सांगणार, केवढं उदार वाचनालय होतं! पण वेबसाइट मीच चढवली, तिचा पासवर्ड माझ्याकडंच आहे. ऑपरेटर ना मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, वाचनालय उघडं असताना, माझ्या टेबलाशी बसून मी एकेक नोंद उघडली. सॉफ्टवेअरमध्ये सभासदाचा तिसरा प्रकार तयार केला: ‘बाहेर उभे केलेले’. गाव, हेच. पायपिटीची ओळ पुसली. नोंदवहीच्या पानांचे फोटो लाल अक्षरांसकट टाकले, आणि खाली खिडकीचा फोटो. ती खिडकी अजून आहे. वायफायची वायर तिच्यातूनच आत घेतलीय.

संध्याकाळच्या आत कार्यवाहांचा फोन आला. “ते पान आत्ताच्या आत्ता काढा.”

वीस वर्षं मी त्या इमारतीत जपून बोलले. नाही म्हणाले, आहे म्हणाले, ‘नाय’ कधी तोंडातून निघू दिलं नाही. त्या दिवशी निघालं.

“नाय काढनार.”

“नोकरीवर राहायचं आहे ना?”

मी फोन ठेवला.

नोटीस आलीय. उत्तर मी दिलेलं नाही. पासवर्डही देणार नाही. पान काढायला ते कोणाला तरी आणतील. पण पायरीवरच्या पोरांनी ते कधीच मोबाईलवर उतरवून घेतलंय आणि पुढं पाठवलंय. पीडीएफ हाय का विचारायची ना, आता हाय.

मला कामावरून काढलं तर मी सभासद होईन. पुढच्या दारानं आत जाईन, टेबलाशी उभी राहीन आणि मागणीच्या चिठ्ठीवर लिहीन: जुनी सभासद नोंदवही. ती नोंदवही वाचनालयाच्या दाखल वहीत मी क्रमांक घालून चढवलीय, आता ती रद्दी नाही, ग्रंथ आहे. द्यावीच लागेल. फळीवर ठेवलेली मी उचलणार नाही. माझ्या हातात द्यायची.

मग मी ती मोठ्यानं वाचीन. सगळी नावं. पहिलं बापाचं.