शांघायच्या बागेतला तो बाक

शालू, कंबर काय म्हणतेय? भाऊजी, डोळ्यांत थेंब वेळेवर घालताय ना? आणि नंदा, तुझी शुगर... जाऊ दे, तुझ्या आंबाबर्फीचा फोटो पाहिलाय मी! आमचं इथे परदेशात, मुलाकडे वेंटवर्थव्हिलला बरं चाललंय. ह्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सहा महिने झाले, काठी घेऊन फिरतात.

परवा मात्र मला माझीच लाज वाटली... सांगते.

मुंबईला येताना वाटेत शांघायला दोन दिवस उतरायचं, असं ह्यांच्या फार मनात आहे. जन्मभर भूगोल शिकवला, छडीने पोरांना नकाशावरच्या नद्या दाखवल्या... आता एक तरी लांबची नदी काठावर उभं राहून बघू दे, म्हणतात. पुढच्या वर्षी गुडघा किती साथ देईल, कोण सांगणार?

आमची नात इरा, तिच्या शाळेच्या गेटवर मेईताई भेटतात. नातवाला न्यायला येतात, मूळच्या शांघायच्या. माझं इंग्रजी वाचून वाचून आलेलं, त्यांचं टीव्ही बघून... दोघींचं छान जमतं. आमचा बेत ऐकला आणि आठवडाभरातच बाई कागदावर सगळा प्लॅन आखून हजर!

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढा उत्साह कशाला? तारीख कुठली, हॉटेल कुठलं, बॅगा किती, वजन किती...

हे प्रश्न आपल्याला पाठ आहेत. इथे कुणी तिकीट काढलं की संध्याकाळपर्यंत फोन सुरू, "अर्धा किलोच आहे हो काकू!" तसल्याच एका अर्ध्या किलोच्या लोणच्याने माझी पैठणी खाल्लीय, विसरले नाही मी.

प्लॅनही विचित्र. प्रसिद्ध टॉवरवर काट. जवळचं स्टेशन सोडून लांबचं. बागेत एका बाकावर वीस मिनिटं, नदीकाठी दुसऱ्या बाकावर वीस मिनिटं... अहो, बाकावर कशाला बसवताय? म्हणजे तिथे कुणीतरी येणार आणि पुडकं घेऊन जाणार! त्या पुडक्यात काय आहे, ते कस्टमवाल्यांना मी काय सांगू?

त्यात एकदा त्या फोनवर चिनीत बोलत होत्या आणि मधूनमधून आमच्याकडेच बघत होत्या. संपलं. घरी येऊन मी जाहीर केलं, "शांघाय रद्द. शुक्रवारी मुलाला सांगते, सरळ तिकीट काढ म्हणून."

ह्यांनी ॲटलास मिटून कपाटात ठेवला... ते मात्र मला बघवेना.

इरा म्हणाली, "आजी, यू आर सो सस्पिशियस! जस्ट आस्क हर ना."

दुसऱ्या दिवशी हे सोबत असताना गेटवरच विचारलं. म्हणजे, सुनावलंच. "मेईताई, आमच्या बॅगेत जागा नाही हं. कुणाचं काही नेता येणार नाही."

त्या "बॅग? नो, नो..." म्हणाल्या आणि ह्यांच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं.

मग हळूहळू उलगडलं. त्यांची बहीण शांघायला असते, तिचेही गुडघे दुखतात. मेईताईंनी तिला तो सगळा रस्ता चालून बघायला लावला होता! टॉवरला तासभर रांग, म्हणून काट. जवळच्या स्टेशनात नुसते जिने, लांबच्यात लिफ्ट. मोठ्या बॅगा एअरपोर्टवरच ठेवता येतात, ह्यांनी उचलू नयेत म्हणून वजनाची चौकशी.

आणि ते बाक... पाठ टेकता येते की नाही, ते ती बहीण प्रत्येकावर बसून बघून आली होती. फोनवर तेच चाललं होतं.

माझी मान वर होईना. घरी आले आणि ह्यांना एवढंच म्हटलं, "ॲटलास काढा."

सध्या त्या न बघितलेल्या बहिणीसाठी लोकरीच्या गुडघेपट्ट्या विणतेय. एक झाली, दुसरी सुईवर आहे. मेईताईंनी कळवलंय, ती स्वतः येऊन घेईल... बागेतल्या त्याच बाकावर.

म्हणजे कुणीतरी येणार आणि पुडकं घेऊन जाणार, हे खरंच निघालं की!

तुम्हीही लवकर दोन ओळी लिहा, तब्येतीचं खरं खरं सांगा. आणि इथून काही आणायचं असेल तर तेही कळवा... अर्धा किलो चालेल.