दाराबाहेरच्या बॅगा

चर्चच्या मंडळीत तिला सगळे लगबग म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे लगबग. हे तिलाही ठाऊक होतं, कारण महिला मंडळाच्या एका सभेत अध्यक्षबाईंच्याच तोंडून निसटलं होतं, "आता लगबग प्रार्थना करतील." तिनं न रागावता डोळे मिटले, प्रार्थना केली, आणि आमेन म्हणायच्या आधीच चहाचं आधण ठेवायला कुणाला तरी खुणेनं पिटाळलंही.

अशा बाईच्या गळ्यात परदेशातल्या यात्रेचं पुढारपण पडलं. खरं तर नेणार होते पाळकसाहेब. पण निघायच्या तोंडावर त्यांची पाठ धरली, डॉक्टरांनी अंथरुणातून हलू नका म्हणून बजावलं, आणि साहेबांनी आडवं पडूनच तिच्याकडे बोट दाखवलं. "ताई आहेत ना! त्या झोपेतसुद्धा माणसं गोळा करतात."

सगळे हसले. तिला मात्र हसू फुटेना. विमानाची भीती म्हणावी तर तसं नव्हतं. परक्या भाषेचंही काही नव्हतं. तिला घोर होता तो दोन माणसांचा: एक तिचा नवरा आणि दुसऱ्या, आधीच्या पाळकांच्या पत्नी, पाळकीणबाई.

नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. जळलेले पंखे, बसलेले पंप यायचे आणि तो तारा गुंडाळत बसायचा. मंडळी त्याला वायरमन म्हणे, पण मंडळीत तो कधी दिसत नसे. चर्चचा पंखा बिघडला तर तो उतरवून दुकानात न्यावा लागे. वायरमन दुरुस्त करून द्यायचा, वरून मागच्या वेळेसारखा जाळू नका म्हणून दमही भरायचा; पण बसवायला जायचा नाही.

त्याला कारण होतं. त्यांच्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी त्याचे वडील गेले. म्हाताऱ्यानं चर्चची पायरी कधीच सोडली होती, शेवटी शेवटी बाटलीही धरली होती. त्या वेळच्या पाळकांनी शवपेटी आत घेऊ दिली नाही. शेजारच्या सायकलवाल्याकडून दोन स्टुलं आणली, गेटमध्येच पेटी ठेवली आणि तिथेच घाईघाईनं प्रार्थना उरकली. "माझ्या बापाला ज्या दारानं घेतलं नाही, त्या दारानं मी जाणार नाही," एवढंच तो त्या संध्याकाळी म्हणाला. पुढे त्या एका दाराचा नियम सगळ्याच चर्चच्या दारांना लागू झाला. लगबगनं तेव्हापासून रोज सकाळी देवापुढे हाच विषय काढला होता. देव कंटाळला असेल, ती नव्हती कंटाळली.

ते पाळक पुढे बदलीवर गेले, तिकडेच वारले. आणि त्यांच्या पत्नी, पाळकीणबाई, आता म्हातारपणी लेकीकडे राहायला परत याच गावात आल्या होत्या. जुनी माणसं त्यांना फारशी ओळखू येत नसत; कोण कुणाचा मुलगा याचा तर पत्ताच नसे. यात्रेला नाव द्यायला मात्र त्या सगळ्यांच्या पुढे होत्या.

नवरा आला तो वेगळ्याच वाटेनं. सहल नेणाऱ्या माणसाला गटात एक माणूस कमी पडत होतं. लगबग घरात धुसफुसत होती, तर हातातली तार न सोडता हा म्हणाला, "मी येतो."

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"हमाल म्हणून येतो. दारापर्यंत सामान मी सांभाळीन. दाराच्या आत तुमचं तुम्ही बघा."

पहिल्याच ठिकाणी त्यानं शब्द पाळला. जुनं दगडी चर्च, उंच दार. सगळे आत गेले आणि हा कठड्यावर टेकला. मंडळीला ही सोय फारच आवडली. "वायरमन, एवढी माझी पिशवी," "अहो, ही पण धरता का," करत करत त्याच्याभोवती बॅगांचा ढीग झाला. आणि त्या ढिगापलीकडे पाळकीणबाई. गुडघे त्यांना पायऱ्या चढू देईनात. "तुम्ही व्हा पुढे. मी बसते इथे," त्या म्हणाल्या. वायरमननं स्वतःसाठी आणलेली घडीची खुर्ची उघडून त्यांना दिली आणि आपण एका बॅगेवर बसला.

लगबग आत होती, पण अर्धीच. गाइड खांबांवरची चित्रं समजावून सांगत होता, मंडळी माना डोलावत होती, आणि ही मागे वळून दारातल्या उजेडात दिसणाऱ्या दोन पाठींकडे बघत होती. आत्ता बोलला तर? म्हातारीला तोंडावर म्हणाला तर, की तुमच्या नवऱ्यानं माझ्या बापाला रस्त्यावर ठेवलं? साऱ्या मंडळीची यात्रा नासेल. बाहेर येताच तिनं त्याला बाजूला घेतलं.

"काय बोलत होतात?"

"पंख्याबद्दल."

"अहो, खरं सांगा."

"त्यांच्या लेकीकडचा पंखा आवाज करतो. बेअरिंग गेलं असणार."

बसमध्ये तिनं दोघांना लांब लांब बसवलं. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. बस थांबली की पायऱ्या असत, पायऱ्या असल्या की म्हातारीचे गुडघे असत, आणि ही दोघं पुन्हा दाराबाहेर एकत्र. लगबगच्या पायाला तर भिंगरीच लागली होती. आत जाई, स्तोत्राची सुरुवात करून देई, दुसऱ्या कडव्याला दाराशी येऊन डोकावे, तिसऱ्याला परत आत. मास्तर, म्हणजे मंडळीतले निवृत्त हेडमास्तर, एकदा म्हणालेच, "ताई, तुम्ही यात्रेला आलाय की पहाऱ्याला?"

आणि मग एका सकाळी हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत पाळकीणबाईंनी चमच्यानं कप वाजवला. सगळे गप्प झाले.

"मला एक साक्ष द्यायची आहे," त्या म्हणाल्या. "हा वायरमन बघा. मला एकटं वाटू नये म्हणून हा मुलगा एकाही ठिकाणी आत जात नाही. इतक्या लांब येऊन दारात बसतो. माझ्या पोटचं कुणी केलं नसतं!"

मास्तरांचा चमचा तोंडाशी थांबला. अध्यक्षबाई टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघू लागल्या. एका पाळकीणबाई सोडल्या तर खरं काय ते सगळ्यांनाच माहीत होतं. लगबगनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पावाच्या कोपऱ्यापर्यंत लोणी पोचवत होता, अगदी वॉर्निश लावावं तसं.

"पाव घ्या, बाई," तो म्हणाला. "गार होतोय."

खोलीत बॅगा भरताना तिच्यानं राहवलं नाही. "सांगितलं का नाहीत त्यांना?"

"काय सांगू? तुमच्यासाठी नाही, तुमच्या नवऱ्यामुळे बसतो?"

"छे, असलं काही बोलू नका!"

"मग?"

"मग... आतच चला ना."

"वा! म्हणजे म्हातारी एकटी बसेल बाहेर," तो बॅगेची चेन ओढत म्हणाला. हसावं की डोकं फोडून घ्यावं हे तिला कळेना. एवढी वर्षं घालवून जे कुलूप ती उघडायला बघत होती, त्याला आता आणखी एक कुलूप लागलं होतं, आणि तेही चांगुलपणाचं!

शेवटच्या दिवशी गुहा होती. एका जुन्या चर्चच्या पोटात, खाली खोल. छळाच्या काळात तिथे लपून विश्वासणारे प्रार्थना करत, असं गाइड सांगत होता. पायऱ्या अरुंद, दगड झिजून बशीसारखे झालेले. लगबगनं एकेकाला पुढे घातलं, "भिंत धरा, मास्तर, घाई नको," करत स्वतः शेवटी निघाली. पहिल्या वळणावर पोचते न पोचते तोच वरून काठीचा आवाज आला.

"बाई, कुठे निघालात?" वायरमनचा आवाज.

"खाली. आज शेवटचं ठिकाण. माझ्यापायी तुझी सगळी यात्रा दारातच गेली, बाळा. आज मी उतरते. मी उतरले की तू मोकळा."

"निसरडं आहे. नका."

"मग तुला तसाच घरी पाठवू? देवाला तोंड काय दाखवू?"

काठी पहिल्या पायरीवर ठक्कन वाजली. लगबग भिंतीला चिकटून उभी. आता सांगेल, तिला वाटलं, आता सांगावंच लागेल. एका वाक्यात म्हातारी जागच्या जागी थांबली असती. काठी दुसऱ्या पायरीवर वाजली आणि थोडी घसरली.

"थांबा," तो ओरडला. मग, "या. पाठीवर या. गळा नका धरू, खांदे धरा."

"आणि बॅगा?"

"बॅगांना पाय फुटत नाहीत."

तो उतरत वळणावर आला. पाठीवर पाळकीणबाई, एका हातात त्यांची काठी. लगबगकडे त्यानं पाहिलंही नाही. "सरक," एवढंच म्हणाला.

खाली मंडळीनं त्या दोघांना बघितलं आणि सरकून वाट करून दिली. स्तोत्र सुरू करायचं काम लगबगचं. तिनं सूर इतका वर धरला की सगळ्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. टेकायला जागा नव्हती, म्हणून म्हातारीला पाठीवर घेऊनच तो उभा राहिला. छत बुटकं, त्याला मान वाकवावी लागली. याचा काही अर्थ लावायचा नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. बोलायचंही नाही. एक शब्द नाही. विमानात ती ओठ आवळून बसली. हवाईसुंदरीनं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का म्हणून.

"आत गारवा होता," तो मध्येच म्हणाला. ती खिडकीबाहेर ढग बघत राहिली.

पुढच्या रविवारी तिला गावच्या चर्चमध्ये भक्तीच्या वेळी यात्रेचा वृत्तांत वाचायचा होता. दाराशी उभी राहून ती दानाची पाकिटं वाटत होती, तेवढ्यात गेटाशी वायरमनची स्कूटर थांबली. मागे पाळकीणबाई. "लेक बाहेरगावी, म्हणून यालाच बोलावलं," त्या लांबूनच म्हणाल्या आणि वायरमनचा दंड धरून चालू लागल्या. तो गेटाशी थांबला.

"चल की."

"बाई," तो म्हणाला. लगबगनं पाकिटं वाटायची थांबवली. "तिकडे मी तुमच्यासाठी बसत नव्हतो."

"मग?"

"इथे, या गेटात, माझ्या वडिलांची पेटी ठेवली होती. आत घेतली नव्हती."

पाळकीणबाई त्या जागेकडे बघत राहिल्या. आत हार्मोनियम वाजू लागलं, लोक उभे राहिल्याचा आवाज आला.

"सायकलवाल्याची स्टुलं," त्या हळूच म्हणाल्या. "एक डुगडुगत होतं. त्याच्याखाली मी कागदाची घडी सरकवली होती." मग त्याच्या तोंडाकडे निरखून बघत, "तो मुलगा तू?"

"मीच तो."

दारालगत भिंतीशी एक बाक होता. त्या तिथे जाऊन बसल्या, काठी आडवी मांडीवर घेतली.

"बाई, आत जा. सुरू झालं."

"तू माझ्यासाठी बसलास बाहेर."

"अहो, तुमच्यासाठी नव्हतो बसलो! आत्ताच सांगितलं ना?"

"ऐकलं. बस."

तो बसला. लगबगला आतून बोलावणं आलं म्हणून ती गेली. वृत्तांताचे कागद घेऊन ती व्यासपीठावर चढली. तिथून सताड उघडं दार दिसत होतं, आणि बाकाच्या टोकाला त्याचा गुडघा. पाळकसाहेब पाठीला पट्टा बांधून पुढच्या बाकावर ताठ बसले होते. तिनं वाचायला घेतलं. विमानतळ झाला, दगडी चर्च झालं. "...सर्वांनी आपापलं सामान सांभाळलं, कुणाचा कुणाला त्रास झाला नाही..."

"साफ खोटं!" बाहेरून आवाज आला. "सगळ्या बॅगा माझ्याकडे होत्या!"

मग मागच्या बाकावर कुणी फिसकन हसलं, आणि मग सगळं चर्च. पाळकसाहेब हसले आणि पाठ धरून कण्हले. मास्तर उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "खरं आहे. माझ्याच दोन होत्या."

"आणि मोठ्यानं वाच," बाहेरून पुन्हा. "बाईंना ऐकू येत नाही!"

"मग आत येऊन ऐका ना!" लगबग म्हणाली. स्वयंपाकघरातून ओरडावं तशी. आणि मग तिला कळलं आपण कुठे उभ्या आहोत. विमानात दाबून धरलेलं, त्याआधी इतकी वर्षं फक्त देवाला सांगितलेलं, ते असं व्यासपीठावरून सगळ्यांसमोर सांडलं होतं. हसू थांबलं. तिला कागदावरची ओळ सापडेना. वर बघायचा धीर होईना.

बाहेर काठी वाजली. मग थांबली. मग त्याचा आवाज, बारीक, "उठा बाई. हात द्या." आणि दारातला उजेड दोन माणसांनी अडवला.

त्यानं म्हातारीला शेवटच्या बाकावर बसवलं. स्वतः बसला नाही. दाराच्या आत जेमतेम दोन पावलांवर, बटणांच्या फळीपाशी उभा राहिला आणि मान वर करून छताकडे बघू लागला. इतकी वर्षं स्वतः गुंडाळून दिलेले पंखे तो पहिल्यांदाच फिरताना बघत होता.

"हा मधला डुगडुगतोय," तो शेजारच्या माणसाच्या कानात म्हणाला, पण त्या शांततेत सगळ्यांनाच ऐकू गेलं. "कुणी बसवला?"

लगबगनं वाचायला सुरुवात केली. विमानतळाचा भाग तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचला. कुणीही तिला थांबवलं नाही.