दोन विहिणींची टीव्हीवरची कुस्ती

माझ्या मुलीच्या साक्षगंधाला मी आणि माझ्या होणाऱ्या विहीणबाईंनी अकोल्याच्या भर हॉलमध्ये, जरीच्या साड्या नेसून, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर मारामारी केली. (साक्षगंध म्हणजे साखरपुडा. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना हाच शब्द तोंडात बसलेला.) कोणी सोडवायला आलं नाही. उलट लोकांनी खुर्च्या पुढे ओढून घेतल्या.

मारामारी टीव्हीच्या पडद्यावर होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या घराण्याबद्दल भलतंच मत व्हायचं. पण पडद्यावर होती म्हणून ती खोटी होती असं मात्र कोणी समजू नये.

झालं असं, की आमची केतकी आणि निनाद दोघंही पुण्यात नोकरीला. ती अमरावतीची, तो अकोल्याचा. पण त्यांची ओळख झाली ती एका व्हिडिओ गेममध्ये. दोन कंपन्या आहेत म्हणे, वर्षानुवर्षं एकमेकींच्या वाईटावर टपलेल्या. दोघींचे आपापले मारामारीचे खेळ, आपापले पहिलवान. मग एक दिवस दोघींना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी आपले पहिलवान एकाच आखाड्यात उतरवले. केतकी एका कंपनीची कट्टर, निनाद दुसरीचा. दोघं ऑनलाइन भेटले, एकमेकांच्या कंपनीची लायकी काढत बसले आणि काढता काढता लग्नाला तयार झाले. (आमच्या वेळी आधी लग्न व्हायचं आणि मग एकमेकांच्या माहेराची लायकी निघायची. पोरांनी फक्त क्रम बदलला.)

मुलगा सोन्यासारखा, घर चांगलं, सगळं जुळलं. अडलं एकाच जागी. लग्न कुठे करायचं?

मी अमरावतीत शिवणक्लास चालवते. आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक घरी मी लग्नात जेवून आलेली आहे आणि प्रत्येक घरी शब्द देऊन आलेली आहे की केतकीच्या लग्नात असं जेवण घालीन की नाव काढाल. पण खरं कारण ते नव्हतं. केतकी ज्या फाटकाला लोंबकळत मोठी झाली, त्याच फाटकातून ती सासरी निघावी आणि सगळी कॉलनी तेव्हा तिथे उभी असावी, एवढंच मला हवं होतं. तिच्या जन्मापासून हवं होतं. मुलीचं लग्न हॉलमध्ये लावून तिथूनच गाडीत बसवून द्यायचं, हे माझ्या जिवाला पटत नव्हतं.

तिकडे शोभाताई, म्हणजे निनादची आई, मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या. एकुलता एक मुलगा. त्यांचं अख्खं अकोला ओळखीचं. त्यांना लग्न अकोल्यात हवं होतं, हे त्यांच्या आवाजातच कळायचं. पण तोंडाने कबूल करतील तर शपथ! मी फोन करायची आणि म्हणायची, "तुमी म्हणाल तसं करू." त्या म्हणायच्या, "छे छे, तुमी मुलीवाले, तुमी म्हणाल तसं." मग दोघी गोड बोलून फोन ठेवायचो आणि आपापल्या नवऱ्यांवर चिडायचो. इकडे उन्हाळ्यातले सगळे हॉल भरत चालले होते.

शेवटी पोरं कंटाळली. साक्षगंध अकोल्याला ठरलंच होतं. त्यात हा खेळ ठेवायचा, दोन्ही आया खेळतील, जी जिंकेल तिच्या गावात लग्न, असा तोडगा केतकीने काढला. मला वाटलं शोभाताई उडवून लावतील. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटलं असणार. पण हो म्हणायला दोघींनीही वेळ लावला नाही.

मग माझी तालीम सुरू झाली. शिवणक्लासच्या मुली गेल्या की दुपारी मी टीव्हीसमोर बसायची आणि केतकी पुण्याहून फोनवर शिकवायची. गेमच्या रिमोटवर एवढी बटणं कशाला लागतात, हे मला अजूनही कळलेलं नाही. माझं शिलाई मशीन याहून कमी भानगडीत ब्लाऊज शिवून देतं. पहिलवान म्हणून मी केतकीच्या कंपनीचा एक निळ्या दाढीचा ढेरपोट्या निवडला. तो पोट पुढे काढून चालायचा, अगदी माझ्या नवऱ्यासारखा, प्रकाशरावांसारखा, त्यामुळे ओळखायला सोपा. प्रकाशराव पेपरच्या आडून सगळं पाहत असत. एकदा न राहवून म्हणाले, "अवं, त्याले इतकं पळवू नको. धाप लागून राहिली त्याले." स्वतः मात्र कधी चौकापर्यंत पायी गेले नाहीत.

तिकडे शोभाताईंची शाळा घेण्याची सवय त्यांच्या कामी आली. त्या रोज ठरल्या वेळी सराव करतात, अशी बातमी निनादकडून केतकीला आणि केतकीकडून मला मिळत होती. त्यांचा पहिलवान म्हणजे दुसऱ्या कंपनीचा एक पांढऱ्या केसांचा काटकुळा. पिवळा झब्बा घालून तो सारखा हवेत उडायचा.

साक्षगंधाचा दिवस उजाडला. अंगठ्या झाल्या, ओटी झाली, शेवेची भाजी आणि बुंदी झाली. स्टेजशेजारी मोठा टीव्ही लावलेला. शोभाताईंच्या घरी दोन रिमोट होते, एक जुना काळा आणि एक नवाकोरा पांढरा. मी पाहुणी म्हणून पांढरा माझ्या हातात आला, काळा शोभाताईंनी घेतला. पोरांनी आमचे पहिलवान निवडून दिले, पांढऱ्यावर माझा ढेरपोट्या आणि काळ्यावर त्यांचा काटकुळा. खेळ सुरू करणार एवढ्यात फोटोग्राफरने दोघांनाही बाहेर बागेत फोटो काढायला ओढून नेलं.

आणि इथे माझ्या वऱ्हाडी संस्कारांनी घात केला.

माझं लक्ष शोभाताईंच्या रिमोटकडे गेलं. जुना, झिजलेला, एक बटण तर आत दबलेलं. मुलाच्या आईच्या हातात जुनी वस्तू आणि मुलीच्या आईच्या हातात नवी? हे कोणाच्या डोळ्यांवर आलं असतं तर पुढची पंचवीस वर्षं ऐकावं लागलं असतं. मी पांढरा रिमोट त्यांच्यापुढे केला.

"हा घ्या, विहीणबाई. नवा तुमाले शोभते."

"नाही हो, तुमी पाहुण्या. तुमच्याकडेच राहू द्या."

"अशा कशा? वरमाई तुमी. मले जुना बी चालते."

ओटीचं ब्लाऊजपीस जसं दोन बायकांमध्ये इकडून तिकडे ढकललं जातं, तसा तो रिमोट बराच वेळ ढकलला गेला. शेवटी मी तो त्यांच्या मांडीवर ठेवला, काळा त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतला आणि मान राखल्याच्या समाधानात टीव्हीकडे तोंड केलं. रिमोट बदलला की पहिलवानही बदलतो, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही. (त्यांच्या शिक्षणाकडे पाहता हे मला जरा बरं वाटतं.)

पहिली फेरी सुरू झाली. मी बटण दाबलं नाही. वरमाईवर पहिला हात कसा उगारायचा? शोभाताईंनीही दाबलं नाही. घरी आलेल्या पाहुणीला आधी कसं मारायचं? आम्ही एकमेकींना "तुमी करा ना सुरुवात" असा आग्रह करत राहिलो आणि पडद्यावर दोघं पहिलवान समोरासमोर नुसते डुलत उभे. वेळ संपली. बरोबरी. भातकुलीहून आलेला माझा मोठा भाऊ मागून म्हणाला, "हे कुस्ती हाय का मौन पाळून राहिले?"

आता सगळं दुसऱ्या फेरीवर आलं. मी ठरवलं, लागणार नाही असा हलकाच हात लावून सुरुवात करू. एक बटण हळूच दाबलं, आणि काटकुळ्याने उडी मारून माझ्या ढेरपोट्याच्या पोटात सणसणीत लाथ घातली.

मी शोभाताईंकडे पाहिलं. त्या गडबडून म्हणाल्या, "मी तं हातही नाही लावला हो." मनात म्हटलं, वा! मुख्याध्यापिका होत्या आणि तोंडावर खोटं बोलतात! मी परत बटण दाबलं. परत लाथ. मी जोरात दाबलं, तर लाथही जोरात. माझी प्रत्येक चाल सुरू व्हायच्या आत या बाई मारतात कशा, हेच मला कळेना.

तिकडे त्यांनी बिचाऱ्यांनी आपल्या पहिलवानाला मागे घ्यायला म्हणून काहीतरी दाबलं, तर ढेरपोट्या धावत जाऊन काटकुळ्याच्या अंगावर पडला. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो पाहण्याचा प्रकार मला शाळेपासून माहीत आहे. त्यानंतर वर्गाबाहेर उभं राहावं लागतं. त्यांनी पदर खोचला. मी बांगड्या मागे सारल्या.

पुढचं मला नीट आठवत नाही. लग्न कुठे, मान कोणाचा, सगळं विसरून मी अंगठा दुखेपर्यंत तो काळा रिमोट बडवत होते. शेजारी शोभाताई दातओठ खात पांढरा बडवत होत्या. अमरावतीकडचे लोक ढेरपोट्याच्या नावाने ओरडत होते, अकोल्याकडचे काटकुळ्याच्या. मी जितकी जिवावर उदार होऊन लढत होते, तितका माझा ढेरपोट्या मार खात होता. प्रकाशराव मान खाली घालून बसले. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला इतकं मारलेलं त्यांना पाहवत नव्हतं. शेवटी काटकुळा हवेत उडाला, एक गिरकी घेतली, आणि ढेरपोट्या आडवा झाला तो उठलाच नाही.

अकोल्याच्या बाजूने एकच जल्लोष झाला. माझ्या डोळ्यांपुढे आमचं फाटक आलं. रिकामं. पण मुलीची आई होते, रडून चालणार नव्हतं. मी उठले, माइक घेतला आणि (मला कोणी बोलायला सांगितलं होतं?) भाषण केलं. खेळ आहे, हार-जीत चालायचीच, विहीणबाईंचा मान मोठा, मी दोन्हीकडच्या मंडळींसमोर शब्द देते की लग्न अकोल्यातच होईल. मग पेढ्यांचा बॉक्स उघडून पहिला पेढा शोभाताईंना भरवला. टाळ्या पडल्या. निनादच्या काकांनी तिथूनच फोन लावून अकोल्याचा हॉल पक्का केला.

तेवढ्यात पोरं बागेतून आली. निनाद टीव्हीकडे पाहून आनंदाने म्हणाला, "आई, जिंकलीस!" मग त्याचं लक्ष आमच्या हातांकडे गेलं. तो एकदा काळ्या रिमोटकडे पाहायचा, एकदा पांढऱ्याकडे.

"काकू, काळा रिमोट तुमच्याकडे कसा?"

मी रिमोटची सगळी हकिगत सांगितली, थोड्या अभिमानानेच. केतकीने कपाळाला हात लावला.

"आई, काळ्या रिमोटवर काटकुळा होता. त्याला तू खेळवत होतीस. मॅच तू जिंकलीस."

म्हणजे मी इतका वेळ माझ्याच पहिलवानाला बडवत होते, आणि शोभाताई जीव तोडून त्याला वाचवत होत्या!

खेळणाऱ्याची जीत की पहिलवानाची, यावर दोन्हीकडच्या मंडळींत चर्चा सुरू झाली. पण निनाद सरळ मुलगा. खेळतो तो जिंकतो, लग्न अमरावतीला, असं तो आपल्या लोकांसमोर म्हणाला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. एक शब्द बोलले असते तर लग्न अमरावतीत आलं असतं. पण शब्द दिला होता, हॉल पक्का झाला होता आणि शोभाताईंच्या तोंडात माझा पेढा अजून अर्धा शिल्लक होता. मी म्हटलं, "दिला तो शब्द दिला."

शोभाताईंनी पेढा गिळला. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या माझा हात धरून म्हणाल्या, "विहीणबाई, लग्न अकोल्याले होऊ द्या. पण पोरीले न्यायले मी सोता अमरावतीले येईन. तुमच्या दारातूनच न्याईन मी तिले."

आणि त्या आल्या. लग्नाच्या दिवशी सकाळीच, गाड्या घेऊन, वाजंत्री लावून आल्या. केतकी आमच्या फाटकातून निघाली, अख्खी कॉलनी उभी होती आणि मी मनसोक्त रडले. या बाईला मी मनात खोटारडी म्हटलं होतं, याची मला फार लाज वाटली.

कॉलनीतल्या बायका मात्र अजून विचारतात, की लग्न अमरावतीत करणार होता ना, मग अकोल्याला काहून नेलं? मी खाली मान घालून सांगते की काय करणार, खेळात हरले. बिचाऱ्या हळहळतात, चहा पाजतात. मी जिंकले होते, हे मी त्यांना मरेपर्यंत सांगणार नाही.