चार बोटं खाली

माझी माय शेवटची नऊ वर्षं आंधळी होती. आमच्या घरात सगळे म्हणत, नशीब. मी वकील माणूस, मला इतक्या स्वस्तात सुटता येत नाही.

तेव्हा मी पांढरकवड्याला वकिली करत होतो. साठ साल नुकतंच उलटलं होतं. एका जंगल कंत्राटदाराकडून मी जुनी मोटार घेतली होती, विलायती, लढाईच्या आधीची, उंच चाकांची. गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, त्यांतली एक आपली, म्हणून माझी मान जरा ताठच असायची. माय थोरल्या भावाकडे राहायची, मुकुटबनच्या पुढे एका खेड्यात. तिचा डावा डोळा कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी लागून फार पूर्वीच गेला होता. उरलेल्या एका डोळ्यावर ती तांदळातला खडा वेचायची आणि माझ्या अंगरख्याचं तुटलेलं बटणही तिलाच आधी दिसायचं. गुडघे मात्र पार गेले होते.

मुकुटबनला नात्यातलं एक लग्न होतं. परतताना मायला मोटारीच्या पायरीवर पाय टाकता येईना. मी आणि भावाने तिला काखेत हात घालून उचललं. त्या ओढाताणीत तिचं लुगडं गुडघ्याच्या वर गेलं. मांडवातलं कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बुढीले पोत्यावानी भरून राह्यले!" आणि सगळे हसले. घराच्या दाराशी उतरल्यावर माय म्हणाली, "या मोटारीत मी आता बसत नाही, बाबू. मी आपली बंडीनं येत जाईन."

मला राग आला. हसणाऱ्यांचा आला, तिचाही आला. बैलबंडी तर मोटारीपेक्षा उंच. तीत ही कशी चढते, हा प्रश्न मात्र मला पडला नाही. उलटतपासणीत समोरच्याचे दात त्याच्याच घशात घालणारा मी, हा एवढा साधा प्रश्न विचारायला विसरलो.

दिवाळीच्या सुमाराला मी मिस्त्रीचाचांकडे गेलो. बस अड्ड्यामागे त्यांचं गॅरेज होतं. मोटारीच्या नुसत्या आवाजावरून ते दुखणं सांगत. म्हटलं, चाचा, गाडी खाली आणायची आहे, म्हातारीला चढता येईल इतकी. त्यांच्याकडे एका नव्या धाटणीच्या गाडीची चार लहान चाकं पडली होती. टायर जवळजवळ कोरे, नक्षी खोल. बोल्ट जुळत होते. मला ती चाकं पाहताक्षणी आवडली. चाचांना नाही.

"वकीलसाहेब, आता नका करू," ते म्हणाले. "दिवाळी झाली का कापसाच्या बंड्या निघतात. चाकोऱ्या अशा खोल होतात का मधली माती गाडीच्या पोटाले लागन. थंडीत तं मोठंच चाक पायजे. हे लहान होळीनंतर लावू, बंड्या बंद झाल्यावर."

"टायर नवे आहेत, चाचा. नक्षी बघा. पकड किती चांगली राहील!"

"पकड कवा? चाक जमिनीवर टेकलं तवा. गाडी पोटावर बसली तं ते नक्षी काय चाटाची हाय, साहेब?"

ते हसत म्हणाले आणि मी हट्टाला पेटलो. संक्रांतीला मायला माझ्या घरी आणायचं मी ठरवलं होतं. होळीपर्यंत थांबायला मला फुरसत नव्हती. चाचांनी मग वाद घातला नाही, चाकं चढवली. गाडी चार बोटं खाली आली. ते जमिनीवर वाकले, गाडीच्या पोटाखाली आपला पंजा उभा धरून उरलेली जागा मला दाखवली आणि हात पुसत आत निघून गेले.

गाडी घेऊन मी खेड्यावर गेलो. मायनं आधी पाय टाकून पाहिला, मग दाराची कड धरून आपली आपण आत जाऊन बसली. तिच्या तोंडावरचं हसू मला अजून दिसतं. देवळापर्यंत एक फेरी मारून आणली, तर परतीला ती वाटेत भेटेल तिला थांबवून सांगायची, "माह्या लेकानं माह्यासाठी मोटार खाली बसोली!" बायका वाकून वाकून चाकं बघायला आल्या. मी चाचांना मनातल्या मनात चांगलंच सुनावलं.

संक्रांतीच्या चार दिवस आधी मी तिला न्यायला गेलो, रात्री तिथेच राहिलो. उजाडता वहिनीने मला हलवून उठवलं. माय रात्रभर ओकत होती. डोळा धरून बसली होती, पण 'बाबू थकून आला, झोपू दे' म्हणून कोणाला हाक मारू दिली नव्हती. डोळा लालभडक झाला होता. "दिव्याले रंग दिसून राह्यले रे," म्हणाली, "इंद्रधनुष्यावानी." मला डोळ्यातलं काही कळत नव्हतं. हा एकच डोळा आहे, एवढंच कळत होतं. यवतमाळला डोळ्यांचे डॉक्टर होते. तिला मागच्या बाकावर निजवलं, वहिनी उशाशी बसली आणि सूर्य वर यायच्या आत आम्ही निघालो.

पक्की सडक तिथून नऊ मैलांवर. दोन-तीन मैल गेलो असू, तर पुढे कापसाच्या बंड्यांची रांग. जिनिंगला निघालेल्या, दहा-बारा तरी असतील, शिगोशीग भरलेल्या. मी हॉर्न वाजवत राहिलो. शेवटच्या बंडीवरचा म्हातारा गाडीवान मागे वळून म्हणाला, "साहेब, भरेल बंडी चाकोरी सोडत नसते. उलटन."

हे मला सांगायला नको होतं. भरलेल्या बंडीने चाकोरी धरायची, रिकाम्याने सोडायची, हा आमच्याकडचा रिवाज. याच रिवाजावर मी एक खटला चालवला होता आणि जिंकलाही होता. चाकोरी सोडायची ती मी. उंच चाकांवर मी ते कितीदा तरी केलं होतं. सुकाणू जोरात फिरवलं की गाडी काठावर चढायची आणि शेतातून बंड्यांना मागे टाकून पुढे उतरायची.

सुकाणू फिरवलं. पुढची चाकं निम्मी चढली आणि घसरून खाली आली. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. मागे माय कण्हत होती. तिसऱ्या वेळी मी मागे येऊन जोरात गाडी घातली. पुढची चाकं चढली, गाडी तिरपी झाली आणि खालून दगडावर कुऱ्हाड बसावी तसा आवाज झाला. गाडी पोटावर बसली होती. मी उतरून पाहिलं. खालून तेल गळत होतं. मागची चाकं हवेत होती, आणि त्या खोल नक्षीला मातीचा कणही लागला नव्हता.

गाडीवान धावत आले, ढकलून पाहिलं. ती हलली असती तरी तेलाशिवाय चालणार नव्हती. मी काय करावं ते न सुचून उभा होतो. माझं डोकं बंद पडलं होतं, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. तो म्हातारा गाडीवान खिडकीशी आला, मायकडे पाहिलं आणि वळून आपल्या बंडीचे दोर सोडू लागला. सगळा कापूस त्याने बाजूच्या शेताच्या धुऱ्यावर उतरवला, बांधावरच्या दवाने भिजलेल्या गवतावर. बैल सोडले, बंडीचं जू जमिनीला टेकवलं. मग एका पोत्यात कापूस ठासून भरला, पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "या माय. यावर पाय द्या."

मायनं एका हाताने डोळा धरला होता. दुसरा हात वहिनीच्या खांद्यावर ठेवून ती पोत्यावर चढली आणि तिथून बंडीत. कोणी उचलली नाही, लुगडं घोट्यावरून हललं नाही. बसल्यावर ती म्हणाली, "एवढंसंच तं पायजे होतं."

ती कोणाला म्हणाली मला माहीत नाही. गाडीवानाला म्हणाली असेल. मी तिथे चाकोरीत उभा होतो आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

बैलांच्या पावलांनी सडक गाठायला दुपार झाली. मग पांढरकवड्याची बस, तिथून यवतमाळची. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टरांनी डोळ्यात औषध घातलं, रात्रीच शस्त्रक्रिया केली. पण आठवड्याने पट्टी सोडली तेव्हा मायला खिडकीही दिसेना. "सकाळी आणलं असतं तर काही करता आलं असतं," डॉक्टर म्हणाले. ते सहज म्हणाले. त्यांना चाकं ठाऊक नव्हती.

मिस्त्रीचाचांनी मोटार ओढून आणली आणि मी न सांगताच मोठी चाकं परत बसवली. ते काही बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. "अम्मा की आँख?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून पाना घेऊन ते पुन्हा गाडीखाली शिरले. त्या गाडीवानाचा भिजलेला कापूस जिनिंगमध्ये कोणी घेतला की नाही, हे विचारायला मी कधी गेलो नाही. तोंडच नव्हतं.

माय माझ्याकडे राहायला आली. घरातला जेवायचा एक पाट मी डिकीत टाकून ठेवला. कुठे निघालो की ती मोटारीशी येऊन उभी राहायची, पाय हवेत पुढे करायची आणि विचारायची, "ठेवला का?" मी पाट ठेवायचो. ती चढायची, आपली आपण.

एकदा, बऱ्याच वर्षांनी, मला राहवलं नाही. म्हटलं, "माय, त्या लग्नाच्या वेळीच का नाही सांगितलंस, पाट ठेव म्हणून?"

"तू मिस्त्रीले विचारलं," ती म्हणाली, "टायर पाह्यले, चाकं पाह्यले. मले तं कोनी विचारलंच नाही, बाबू."

ती रागाने म्हणाली नाही. पाय पुढे करून ती उभी होती, आणि पाट अजून माझ्याच हातात होता.