सोबतीची बाटली

तिला सगळे मातीबाई म्हणत. बिल्डरची माणसं तोंडावर, बाकीचे पाठीमागे. जुने कारखाने पाडून तिथं उंच इमारती उठवण्याआधी खालच्या मातीत आणि पाण्यात काय मुरलंय ते शोधायचं, हा तिचा धंदा. "बाई आल्या, आता काम थांबलं," असं खोदाईवाले म्हणायचे, आणि बऱ्याचदा ते खरंही व्हायचं. त्यामुळे सगळ्यांचे चहाचे कप मोजताना तिचा कप हमखास विसरला जायचा.

या वेळची जागा होती कपडे धुण्याच्या जुन्या कारखान्याची. ड्रायक्लीनचं वापरलेलं द्रावण तिथं वर्षानुवर्षं मागच्या अंगणात ओतलं गेलं होतं. पत्र्याच्या कुंपणाला लागून एक घर होतं. त्यात एक म्हातारे टेलर मास्तर एकटे राहत, आणि त्यांच्या दारात विहीर होती.

"हे पाणी पिता तुम्ही?" तिनं विचारलं.

"मला नळ आहे. पण मागच्या चाळींत नळाला धार नाही, ते येतात. सकाळपासून फाटक वाजतं. मास्तर, बरे आहात ना? बरा आहे. बरा नसलो तरी बराच म्हणतो, लोकांना बादली घेऊन जायची घाई असते." मास्तर हसले. "डोळ्यांनी राजीनामा दिला, मशीन बंद पडली. टेलरकडे आता कोण येतंय? येतात ते विहिरीकडे. मी आपला मधे उभा राहतो."

तिनं पाणी उपसलं. छोट्या बाटल्या काठोकाठ, बुडबुडा राहू न देता भरल्या आणि खोक्यात ठेवल्या. खोक्यात एक बाटली आधीपासून भरलेली होती.

"ही नाही उघडलीत?"

"ही सोबतीची. प्रयोगशाळेतून शुद्ध पाणी घेऊन निघते, माझ्याबरोबर फिरते, न उघडता परत जाते. हिच्यात काही सापडलं, तर घाण वाटेत लागली असं समजायचं. मग बाकीच्या बाटल्यांवरही भरवसा ठेवायचा नाही."

"बिचारी! नुसती जाते नि येते. कुणी टोपणसुद्धा काढत नाही."

मातीबाई हसली. मग खोकं उचलताना हसू आपोआप ओसरलं.

मास्तर जीपपर्यंत पोचवायला आले. मागच्या सीटजवळ प्लास्टिकच्या पिशवीत एक कोट लटकत होता. त्यांचा हात आपसूक पिशवीत शिरला, कॉलरीवरून बटणांवर फिरला.

"कुणाचा हो? हातशिलाई आहे. कॉलर बघा कशी बसलीय!"

"आमच्या ह्यांचा."

"मग त्यांना सांगा, मधलं बटण सैल झालंय. पाठवून द्या, लावून देतो."

"ते नाहीत आता." ती खोक्याचा पट्टा आवळत राहिली. "थंडीच्या आधी दरवर्षी कोट धुवायला टाकते. सवय."

मास्तरांनी पिशवी सारखी केली. मग हुंगून म्हणाले, "ड्रायक्लीनचा वास आहे अजून. आजच आणला वाटतं."

"येता येता."

दुपारभर बिल्डरच्या कचेरीत तिला एका सहीसाठी बसवून ठेवलं. जीप बाहेर उन्हात, काचा बंद.

आठवड्याभरानं प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. "विहिरीत द्रावण आहे, मर्यादेच्या वर. पण गंमत अशी, की सोबतीच्या बाटलीतही तेच आहे."

मातीबाईला एकदम कोट दिसला. वाफ बंद टोपणातूनही शिरते म्हणून नमुन्याच्या दिवशी पेट्रोल भरत नाही, सेंट लावत नाही, नव्या पोरांना त्यावरून फाडून खाते, आणि स्वतः बंद गाडीत ड्रायक्लीनचा कोट टांगून फिरली! शरमेनं कान तापले. पण त्या शरमेच्या मागोमाग एक आशा आली. सगळं कोटातूनच आलं असेल तर? विहीर चांगली असेल तर?

तिचे साहेब वैतागले. "बाटलीत चिमूटभर आहे, विहिरीत ढीगभर. वजा करा आणि अहवाल पाठवा."

"असं वजा होत नाही, सर. नमुने बाद. परत घ्यायचे."

"आणि कारण काय लिहू? बाईंचा कोट?"

"तेच लिहा."

"हसतील लोक."

"हसू देत."

ती परत गेली, कोट घरी ठेवून, काचा उघड्या टाकून. मास्तरांनी कारण ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "म्हणजे चोर कोटच! तरी म्हटलं, माझी विहीर अशी नाही."

"अजून ठरलं नाही, मास्तर. तोवर कुणाला भरू देऊ नका."

"नाही देत. पण कोटाचं सांगू तर द्या."

या खेपेला सोबतीची बाटली स्वच्छ निघाली. विहीर नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. ती स्वतः गेली.

"कोट परत गाडीत राहिला असेल," मास्तर म्हणाले.

"कोट घरी होता."

ते पायरीवर बसले. "चाळीतल्या सगळ्यांना सांगितलं हो मी. विहिरीत काही नाही, बाईंच्या कोटात आहे. काय हसले! रिकाम्या बादल्या घेऊन उभे होते, तरी हसले. या अंगणात इतकी माणसं हसली त्याला किती काळ झाला." मग हळूच, "आता?"

"झाकण बसेल, कुलूप लागेल. चाळींना कोपऱ्यावर नवा नळ मिळेल, ते मी लिहून घेतलंय."

"कोपऱ्यावर. बरं झालं त्यांचं."

झाकण बसलं. नळ आला. फाटक वाजायचं थांबलं. विहिरीवर लक्ष ठेवायला मातीबाई तीन महिन्यांनी आली, तेव्हा फाटकाची कडी गंजून घट्ट झाली होती.

"कोण?"

"मी, मातीबाई. बरे आहात ना?"

"बरा आहे," मास्तर म्हणाले. तिला बादली भरून पळायचं नव्हतं. ती तशीच उभी राहिली. "तसा बरा नाही," ते म्हणाले.

तिनं कुलूप काढलं, नमुना घेतला, कुलूप लावलं. मास्तर जीपमध्ये डोकावले.

"कोट नाही आणला?"

"नमुन्याच्या दिवशी? पुन्हा?"

"मग काम नसेल त्या दिवशी आणा. बटण गळून पडेल हो."

काम नसेल त्या दिवशी ती कुठेच जात नसे. कोटही वर्षातून एकदा धुण्यापुरताच कपाटाबाहेर निघे. तिनं सोबतीची बाटली खोक्यात नीट उभी केली.

"रविवारी आणते," ती म्हणाली.

"या. दोरा तेवढा तुम्हाला ओवावा लागेल."