भिंत उजव्या हातालाच होती

असले न उलगडणारे अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर उलटे प्रश्न विचारून गप्प केलंय. लंडनच्या क्रॉयडनमध्ये कार्पेटचा धंदा शून्यातून उभा केला, तो कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवून नाही. तेव्हा तुम्हीही मला खुशाल विचारा...

गेल्या सप्टेंबरमध्ये वहिनीने मला आणि दादाला हेड्रियन्स वॉलच्या गाइडेड वॉकवर पाठवलं. न्यूकासलकडून कार्लाइलकडे, जुन्या रोमन भिंतीच्या कडेने काही दिवस चालायचं. दादा नॉटिंगहॅमला डॉक्टर होता, आता रिटायर झालाय. आई गेल्यापासून आमचं बोलणं बंद होतं. आमच्याकडे आईला धाकट्याने अग्नी द्यायचा असतो. मी मुंबई एअरपोर्टवर उतरलोसुद्धा होतो... आणि तिकडे साताऱ्यात दादाने उरकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी चढावर विषय निघालाच.

"लोक खोळंबले होते रे," दादा म्हणाला. "सगळे म्हणायला लागले, किती वेळ ठेवायचं."

"आणि तू त्यांचं ऐकलंस."

"जरा सावकाश चाल. गुडघा दुखतोय माझा."

"तू थांबला होतास माझ्यासाठी?"

आणि मी तरातरा पुढे निघालो.

धुकं उतरत होतं. कुंपण ओलांडायच्या लाकडी शिडीपाशी आमची गाइड जेनी उभी होती. "व्हेअर्स युवर ब्रदर?"

"जस्ट बिहाइंड मी," मी म्हणालो. मागे वळून पाहिलंही नव्हतं. ती पुढच्या लोकांना गाठायला गेली.

शिडी ओलांडून मी चालत राहिलो. पश्चिमेकडे जाताना भिंत उजव्या हाताला राहते. दुसरं काही दिसत नव्हतं, म्हणून दगडांवर हात ठेवूनच चाललो.

बराच वेळ चाललो — आणि समोर, भिंतीला टेकून, मागे राहिलेला दादा बसलेला. पाय मुरगळून घोटा सुजलेला, ओठ निळे, अंग थरथरत होतं.

"आलास?" तो म्हणाला. "मला वाटलं, तू काही वळणार नाहीस."

मी वळलो नव्हतो. वळलो असतो तर भिंत डाव्या हाताला आली असती. गावाकडे चकवा लागतो म्हणतात, माणूस रानात गोल फिरतो... पण माझा हात दगडावरून सुटलाच नव्हता. दादाला जॅकेट घालून, आधार देत तसाच पुढे निघालो, तर मघाची तीच शिडी पुन्हा आली. जेनी तिथे धावत येत होती.

"यू वेंट बॅक फॉर हिम," ती म्हणाली. "गुड मॅन."

मी मान डोलावली.

संध्याकाळी मुक्कामाच्या बी-अँड-बीमध्ये पाय उशीवर ठेवून दादा म्हणाला, "मी थांबायला हवं होतं तेव्हा. तो तुझा हक्क होता. चुकलंच माझं."

एवढंच ऐकायला मी इतकी वर्षं अडून बसलो होतो. तेव्हाच सांगायचं होतं — दादा, मी तुला सोडून गेलो होतो. मी म्हणालो, "जाऊ दे."

हे कसं झालं, मला आजही कळलेलं नाही. दादा मात्र घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, एवढ्या धुक्यात धाकटा माझ्यासाठी मागे फिरला. मी समोर असलो की माझ्याकडे बघून सांगतो. मी तेव्हा वर बघत नाही.