लिफ्टजवळची माझी पाटी

मंडळी, आज सकाळी मला माझंच वाक्य एका गाण्यात ऐकू आलं.

लेकीने गाडीत हिप-हॉपचा नवा अल्बम लावला होता. आपल्या पुण्यावरचाच. निवडणुका, टँकर, पाडलेल्या वस्त्या, सगळ्यांना धारेवर धरलेलं. मी मान डोलवत होते. “बरं झालं, कोणीतरी बोललं,” असंही म्हणाले.

चौथ्या गाण्यात ती गाणारी मुलगी म्हणाली, “लिफ्ट सभासदांसाठी आहे. कामवाल्यांना देवाने पाय दिले आहेत.”

ही पाटी मी लिहिली होती. सोसायटीची सेक्रेटरी असताना. लोक फोटो काढून न्यायचे, “काय अस्सल पुणेरी!” म्हणायचे. मी फुशारून जायचे.

“आई, ही सुनीतामावशींची मुलगी आहे,” लेक म्हणाली.

सुनीताबाई आमच्याकडे सात वर्षं पोळ्या करायच्या. सहा मजले गुडघे धरत चढायच्या. आल्या की मी आधी पाणी द्यायचे आणि स्वतःला चांगली समजायचे.

घरी परतल्यावर पाटी काढायला गेले, तर भिंतीवर स्क्रूची नुसती चार भोकं. रंगकामात कधीच निघाली म्हणे.

तेवढ्यात आमच्या आताच्या लताबाई आल्या आणि लिफ्टसमोरून सरळ जिन्याकडे वळल्या. त्यांनी ती पाटी कधी पाहिलेलीसुद्धा नाही.

“अहो, लिफ्टने चला ना.”

“नको ताई, आमच्यासाठी जिना आहे ना,” त्या सहज म्हणाल्या.

आता मी काय काढू, सांगाल?